तोट्यातही वाटा घेणारी भागीदार

रमजानच्या दहाव्या रोजाला अनेक मुस्लिम घरांत हजरत खदीजा (रजि.) यांची आठवण निघते. परंपरेनुसार इ.स. 619 मध्ये याच दिवशी मक्केत त्यांचे निधन झाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पहिल्या पत्नी आणि इस्लामवर विश्वास ठेवणारी पहिली व्यक्ती म्हणून जग त्यांना ओळखते. पण या ओळखीच्या आधीही मक्केच्या बाजारपेठेत त्यांचे नाव होते. इतरांच्या कष्टांना आपले भांडवल पुरवणाऱ्या व्यापारी म्हणून ते नाव घेतले जाई.

मक्केच्या खडकाळ खोऱ्यात शेती पिकत नव्हती. तिथल्या कुरैश टोळीचे पोट व्यापारावर चाले. हिवाळ्यात त्यांचे तांडे दक्षिणेला येमेनकडे निघत, उन्हाळ्यात उत्तरेला शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूला. जाऊन-येऊन महिने मोडत. वाटेत वाळवंट होते, लुटारू होते, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर मालाला भाव मिळेलच याची शाश्वती नव्हती. अशा व्यापाराला उंट, माल आणि रोकड आधी हाताशी लागे. अंगात हुशारी आहे पण गाठीला पैसा नाही, अशा तरुणापुढे सावकाराचा दरवाजा होता. मुदतीत फेड झाली नाही की सावकार मुदत वाढवी आणि रक्कमही वाढवी. ती वाढत दुपटीवर जाई. तांडा लुटला गेला तरी देणे सुटत नसे.

या शहरात इ.स. 555 च्या सुमारास खदीजांचा जन्म झाला. वडील खुवैलिद हे कुरैशच्या असद घराण्यातले. खदीजांची दोन लग्ने झाली आणि वैधव्यही वाट्याला आले. पदरी मुले होती, हाती मोठा व्यापार होता. प्रतिष्ठित घरांतून मागण्या येत, त्या नाकारत. वागणुकीमुळे लोक त्यांना ताहिरा, म्हणजे निष्कलंक, म्हणू लागले.

त्या स्वतः तांड्याबरोबर जात नसत. विश्वासू माणसे निवडून त्यांच्या हाती माल सोपवत आणि नफ्यात त्यांचा वाटा ठरवत. या पद्धतीला पुढे मुजारबत असे नाव रूढ झाले. तिचे गणित सोपे आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. समजा, एकाने शंभर दीनार दिले आणि नफा निम्मा-निम्मा ठरला. चाळीस दीनार नफा झाला तर दोघांना वीस-वीस. नफा झालाच नाही आणि मुद्दलातले तीस बुडाले, तर ते भांडवलदाराचे बुडाले. मेहनत करणाऱ्याने हलगर्जी किंवा लबाडी केली नसेल, तर त्याच्याकडून ते वसूल करता येत नाहीत. त्याचे श्रम वाया गेले, तोच त्याचा तोटा. नफ्याचा ठरावीक आकडा आधी लिहून घेता येत नाही. फक्त हिस्सा ठरवता येतो.

यात भांडवल देणाऱ्याची जोखीम मोठी. म्हणून माणूस पारखणे हेच खरे काम. खदीजांच्या कानावर मुहम्मद यांचे नाव आले ते अशाच वेळी. वय पंचविशीच्या आसपास, लहानपणीच आई-वडील गेलेले, मोठ्या कुटुंबाचा भार वाहणाऱ्या चुलत्याच्या, अबू तालिब यांच्या घरी वाढलेले. गहाण ठेवण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. मात्र मक्केतले लोक त्यांना अमीन, म्हणजे विश्वासू, म्हणत. खदीजांनी इतरांना देत त्यापेक्षा जास्त मोबदला देऊ केला आणि शामकडचा माल त्यांच्या हाती सोपवला. सोबत आपला सेवक मैसरा यालाही पाठवले.

बुसरा या शहरात माल विकला गेला. त्या पैशातून तिकडचा माल घेऊन तांडा परतला. तो माल मक्केत विकल्यावर रक्कम जवळपास दुप्पट झाली, असे जुने चरित्रकार सांगतात. पण खदीजांनी फक्त आकडा पाहिला नाही. प्रवासात हा माणूस कसा वागला, सौदा करताना कसा बोलला, हे त्यांनी मैसराकडून ऐकून घेतले. पुढे नफीसा या मैत्रिणीमार्फत लग्नाचा विचार त्यांनीच पुढे केला. इ.स. 595 च्या सुमारास हे लग्न झाले. खदीजांचे वय तेव्हा चाळीस होते असे बहुतेक ग्रंथ म्हणतात. काही अठ्ठावीस सांगतात. पुढची सुमारे पंचवीस वर्षे, त्या हयात असेपर्यंत, प्रेषितांनी दुसरे लग्न केले नाही.

इ.स. 610 मध्ये हिरा गुहेतल्या अनुभवाने हादरलेले प्रेषित घरी आले, तेव्हा धीर दिला तो खदीजांनी. त्यांच्या सचोटीचा हवाला देऊनच दिला. ज्या गुणावर कधीकाळी माल सोपवला होता, त्याच गुणावर आता सगळे आयुष्य सोपवले. यातून पैशाचा नफा होणार नव्हता. नव्या विचाराच्या गरीब, छळल्या जाणाऱ्या माणसांसाठी त्यांची संपत्ती खर्च होत गेली. मग कुरैशांनी प्रेषितांच्या हाशिम घराण्यावर बहिष्कार टाकला. त्यांच्याशी खरेदी-विक्री बंद, सोयरीक बंद. सुमारे तीन वर्षे ही माणसे एका घळीत अडकून राहिली. झाडपाला खाण्याची वेळ आली. खदीजांचा भाचा हकीम बिन हिजाम चोरून गहू पाठवी. ज्यांचा माल येमेन आणि शामपर्यंत जात होता, त्यांच्याच घरात दाणा नव्हता. बहिष्कार उठल्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. मक्केतल्या हजून इथे त्यांची कबर आहे.

इ.स. 632 मध्ये, अखेरच्या हजच्या प्रवचनात प्रेषितांनी व्याजाची सर्व येणी रद्द केली आणि सुरुवात केली आपल्याच चुलत्यापासून, अब्बास यांच्या येण्यापासून. मुजारबत मात्र चालू राहिली. धर्मशास्त्रज्ञांनी तिचे बारीक नियम लिहिले, मुस्लिम व्यापाऱ्यांनी ती दूरच्या बंदरांपर्यंत नेली. मध्ययुगात व्हेनिस आणि जिनोआच्या व्यापाऱ्यांमध्ये अगदी अशीच भागीदारी दिसते. आज ज्याला व्हेंचर कॅपिटल म्हणतात, त्याच्याही मुळाशी हाच विचार आहे: पैसा देणाऱ्याने हप्ता मागायचा नाही, धंद्यात हिस्सा घ्यायचा; धंदा वाढला तर दोघांचा, बुडाला तर मुद्दलही बुडाले. हा पैसा बहुतेक मोठ्या शहरांतल्या नव्या कंपन्यांकडे वळतो. लहान गावातल्या बेकरीवाल्याला किंवा शिलाईचे दुकान वाढवू पाहणाऱ्या बाईला अजूनही आधी तारण विचारले जाते. माणूस कसा आहे, हा प्रश्न क्वचितच आधी येतो. खदीजांनी तो पहिला विचारला होता.

प्रेषितांनी ही भागीदारी अखेरपर्यंत लक्षात ठेवली. खदीजांच्या निधनाला कित्येक वर्षे लोटल्यावरही मदीनेत घरी बकरी कापली की ते त्यातला वाटा खदीजांच्या मैत्रिणींच्या घरी आठवणीने पाठवत.