निरक्षर प्रज्ञावंत : श्री संत गाडगेबाबा



दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की बालाघाटच्या अनेक घरांत पेढे वाटले जातात. काही घरांत मात्र कमी गुण मिळालेले मूल त्याच दिवशी मंदबुद्धी ठरविले जाते. शाळेतील यश आणि बुद्धी या दोन्ही एकच गोष्टी आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर श्री संत गाडगेबाबांच्या चरित्रात सापडते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत वऱ्हाड व आपला बालाघाट जिल्हा एकाच प्रांतात होते. त्या नात्यानेही बाबा आपल्याला परके नाहीत.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झाला. मद्याच्या व्यसनाने वडील लवकर निवर्तले आणि मातोश्री सखुबाई त्यांना घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी आल्या. तेथे डेबूजींचे बालपण गुरे राखण्यात व शेतीच्या कामात गेले. शाळेत जाण्याचा योग कधी आलाच नाही.

निरक्षरतेची किंमत त्यांनी घरातच पाहिली. मामांनी सावकाराच्या कागदांवर विश्वासाने अंगठा उमटविला आणि घाम गाळून पिकविलेली जमीन हातची जाऊ लागली. सावकाराची माणसे शेतात उतरली तेव्हा तरुण डेबूजी त्यांना सामोरे गेले. अन्याय ओळखण्यास अक्षरांची गरज नसते, परंतु तो टाळण्यास अक्षर लागते, ही जाण त्यांना तेथेच आली असावी. मुलीच्या बारशाला मद्य-मांसाची जातरीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले, ते याच स्वतंत्र विचारामुळे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. योगायोग असा की त्याच वर्षी पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी आपली प्रसिद्ध बुद्धिचाचणी सिद्ध केली. शाळेत अधिक साहाय्याची गरज असलेली मुले ओळखणे, एवढाच तिचा हेतू होता. माणसाची संपूर्ण बुद्धी एका आकड्यात मावते, असे स्वतः बिने यांनीही मानले नव्हते.

अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा व मडक्याचे फुटके गाडगे घेऊन बाबा गावोगाव फिरले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तन करावे, हा त्यांचा क्रम होता. कीर्तनात ते पांडित्य सांगत नसत. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत, आणि उत्तरे देता देता कर्ज, व्यसन, पशुबळी व अस्पृश्यता यांतील फोलपणा श्रोत्यांच्या स्वतःच्याच मुखातून बाहेर येई. लोकांना विचार करावयास लावणे हीच खरी अध्यापनकला नव्हे काय?

लोकांच्या देणगीतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा केला. एवढ्या संपत्तीचा कारभार योग्य विश्वस्तांकडे सोपवून आपल्या कुटुंबीयांचा त्यावर हक्क राहू दिला नाही. आपणा विश्वस्तांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

तथापि या चरित्रावरून शिक्षण निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. घरातील भांडे मोडावे लागले तरी चालेल, पण मुलांना शिकवा, असे बाबा पोटतिडकीने सांगत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कराडला सुरू केलेल्या महाविद्यालयास बाबांचेच नाव दिले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या परिसरात, बाबांनी देह ठेवला. १९८३ मध्ये स्थापन झालेले अमरावती विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. ज्यांनी कधी परीक्षा दिली नाही, त्यांचे नाव आज पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर असते.

गुणपत्रिका ही त्या वर्षीच्या अभ्यासाची पावती आहे, मुलाच्या बुद्धीचे मोजमाप नव्हे. म्हणून ज्यांच्या घरी यंदा पेढे आले नाहीत, त्यांनी मुलाला दूषण न देता पुन्हा शाळेत पाठवावे आणि त्याच्यातील जे गुण गुणपत्रिकेत मावले नाहीत तेही पाहावेत, ही नम्र विनंती.

– सचिव, विश्वस्त मंडळ, बालाघाट