नाना पेठेतले विठ्ठलराव

ज्येष्ठ वद्यात दोन्ही पालख्या पुण्यात येतात आणि दोन रात्री मुक्काम करतात, हे वारकऱ्यांना सांगायला नको. माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबापाशी, तुकोबारायांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबापाशी. त्या दोन दिवसांत या पेठांची सारी रीत पालटते. दुकानांच्या फळ्या, वाड्यांचे ओटे, शाळांच्या पडव्या, जिथे म्हणून पाठ टेकता येईल तिथे वारकरी उतरलेला असतो. पेठकरी मंडळी आपल्या परीने भाकरी, पाणी, तेल पाहतात. अशा त्या नाना पेठेत अहिल्याश्रम नावाचे ठिकाण आहे. त्याच्या अंगावरून आमच्या दिंड्या किती वेळा गेल्या असतील! पण ते कोणी उभे केले, कशासाठी उभे केले, हे आम्ही पुष्कळ वर्षे कोणाला विचारले नाही. विचारले तेव्हा कळले की ज्याने ते उभे केले त्याचे नाव विठ्ठल, त्याच्या पत्नीचे नाव रुक्मिणी, बहिणीचे नाव जना, आणि बाप पंढरीचा वारकरी. मग मात्र आम्हांला आमचीच थोडी लाज वाटली.

हे विठ्ठल रामजी शिंदे. लोक त्यांना कर्मवीर म्हणत, पुढे महर्षि म्हणू लागले.

आता काही वाचक म्हणतील, शिंदे हे प्रार्थनासमाजाचे. मूर्तिपूजा न मानणारे, विलायतेला जाऊन आलेले. त्यांचे चरित्र आपल्या मासिकात कशाला? शंका रास्त आहे, तिला बगल देण्याची आमची इच्छा नाही. परंतु आधी चरित्र ऐकावे, मग काय ते ठरवावे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखिंडीस झाला. जमखिंडी हे पटवर्धनांचे संस्थान, मुलूख कानडी, पण घरची भाषा मराठी. वडील रामजीबाबा संस्थानच्या नोकरीत होते आणि मनाने पक्के भागवतधर्मी. वारी, भजन, संतांची वाणी हाच त्यांचा संसार. आई यमुनाबाई. या घराचा एक विशेष असा की येणाऱ्याजाणाऱ्याला जात विचारून ओटीवर घेण्याची चाल तिथे नव्हती. साधू, बैरागी, फकीर, कोणीही यावे. आमच्या संप्रदायात हे सर्वच घरांत असायला हवे होते. किती घरांत होते हे ज्याने त्याने आपल्या आजोबा-पणजोबांना आठवून पाहावे. विठ्ठलरावांनी पुढे जे केले त्याची मुळी त्या ओटीवर रुजली, असे आम्हांला वाटते. विलायतेत ते पुष्कळ शिकले असतील, पण माणसाला माणूस समजणे ते जमखिंडीहूनच घेऊन निघाले होते.

लहानपणीच त्यांचे लग्न झाले, त्या काळच्या रीतीप्रमाणे. बहीण जनाक्का हिचेही तसेच. पण तिच्या वाट्याला सासर वाईट आले. छळ सोसवेना, तेव्हा ती माहेरी आली. अशा मुलीने उरलेला जन्म चुलीपाशी काढायचा, हे त्या वेळचे ठरलेले. विठ्ठलराव त्या सुमारास फर्ग्युसन कॉलेजात शिकण्यासाठी पुण्यास आले होते. हाती पैसा नाही. गंगारामभाऊ म्हस्के यांनी मराठा मुलांच्या शिक्षणासाठी जी मंडळी काढली होती तिच्या मदतीवर शिक्षण चाललेले. अशा स्थितीत त्यांनी बहिणीला पुण्यास आणले आणि हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेत घातले. स्वतःचेच पोट भरायची पंचाईत, त्यात परत आलेल्या बहिणीचे शिक्षण! हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्या मोठ्या कामांची नावे लोक घेतात आणि हे विसरतात. जनाक्का पुढे भावाच्या कामात जन्मभर उभी राहिली.

कॉलेजात असताना त्यांची श्रद्धा ढळली होती. इंग्रजी तत्त्वज्ञांची पुस्तके वाचून देव आहे की नाही याचीच त्यांना शंका पडली. मग न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांचा सहवास लाभला आणि ते १८९८ च्या सुमारास पुणे प्रार्थनासमाजात गेले. त्याच वर्षी बी. ए. झाले. पुढे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास केला. या प्रवासाला बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी हात दिला. परत आल्यावर समाजाचे प्रचारक झाले. सरकारी नोकरी, वकिली यांच्या वाटा मोकळ्या असताना त्यांनी ही जेमतेम पोटापुरती वाट धरली.

इथे आम्हांला एक प्रश्न नेहमी टोचतो. वारकऱ्याच्या घरचा मुलगा, संतवाणीवर वाढलेला. तो देवाकडे परतला तेव्हा आपल्या फडाच्या दारी का आला नाही? प्रार्थनासमाजात त्याला काय मिळाले जे आपल्यात नव्हते? तुकोबा तर तिथेही होते. भांडारकर, रानडे तुकोबांचेच अभंग घेऊन उपासना करीत. आमचे उत्तर असे की त्याला जे हवे होते ते आपल्या पोथीत होते, पंगतीत नव्हते. वाळवंटात सारे एक, आणि गावी परतल्यावर ज्याचे त्याचे पाणवठे निराळे. हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. कोणाला राग आला तर येवो, पण आम्हांला दुसरे उत्तर सापडत नाही.

१९०५ साली ते अहमदनगरकडे गेले होते. जवळच्या भिंगार गावी महार मंडळींनी मध्यरात्री सभा भरवली होती, तिला हे गेले. त्या रात्रीने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. केवळ उपदेश करून भागणार नाही, या लोकांसाठी स्वतंत्र काम उभारले पाहिजे आणि ते आपणच उभारले पाहिजे, असा निश्चय करून ते तिथून उठले. वर्षभरात तो खरा केला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईस परळ येथे मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात पहिली शाळा उघडली. सर नारायणराव चंदावरकर अध्यक्ष, शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी एक हजार रुपये दिलेले. इंग्रजीत त्या संस्थेला डिप्रेस्ड क्लासेस मिशन म्हणत. मराठीत भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी.

आणि त्या मंडळीत काम करायला पुढे कोण आले? म्हातारे रामजीबाबा, यमुनाबाई, जनाक्का, रुक्मिणीबाई. सबंध घरच परळला येऊन राहिले. ज्या मुलांच्या सावलीचा लोकांना विटाळ होई, त्यांना न्हाऊमाखू घालणे, जेवू घालणे, आजारात उशाशी बसणे हे या घरच्या बायकांनी केले. पंढरीची वारी केलेल्या बापाला आपला मुलगा बाटला असे वाटले नाही. तो मुलामागोमाग गेला. रामजीबाबांची ही वारी आम्हांला फार मोठी वाटते. कीर्तनात चोखोबांची कथा लागली की रडणारे पुष्कळ असतात. ते रडे खोटे असते असे आम्ही म्हणत नाही, पण ते मांडवातच सुकते.

पुण्याची शाखा १९०८ साली लष्करात निघाली. पुढे कामाचे मुख्य ठाणेच पुण्यास आले आणि विठ्ठलरावही सहकुटुंब पुणेकर झाले. ऑक्टोबर १९१२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात अस्पृश्यतानिवारणाची परिषद भरली, अध्यक्ष डॉक्टर भांडारकर. तिच्यात सर्व जातींच्या मंडळींचे सहभोजन झाले. १९१२ सालचे पुणे डोळ्यांपुढे आणले म्हणजे त्या पंगतीला बसायला काय छाती लागली असेल ते कळेल. इंदूरचे तुकोजीराव महाराज होळकर यांनी वीस हजार रुपये दिले आणि नाना पेठेत शाळा व वसतिगृह यांची वास्तू झाली. होळकरांच्या घराण्यातल्या पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे नाव तिला दिले, तोच अहिल्याश्रम. ज्या बाईने गावोगाव देवळे आणि घाट बांधले तिच्या नावाने, देवळात ज्यांना घेत नाहीत त्यांच्या मुलांसाठी घर व्हावे, हे नाव ज्याने सुचवले असेल त्याला आमचा नमस्कार.

शेजारीच गंज पेठ. तिथे जोतीराव फुले यांनी अर्धशतकापूर्वी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पालखीच्या वाटेवर एवढ्याशा टापूत ही दोन घरे! पुणे म्हटले की लोकांना शनिवार, नारायण, सदाशिव या पेठाच आठवतात. आमचा मुक्काम पूर्वेकडच्या पेठांत असतो, तेव्हा आम्ही तरी त्यांचा मोठेपणा जाणला पाहिजे.

विठ्ठलरावांनी नुसत्या शाळा काढल्या असे नाही. जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहण्याची जी मुरळ्यांची चाल होती तिच्याविरुद्ध ते झटले. १९१७ साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागे त्यांची खटपट होती. १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईस मोठी परिषद झाली. सयाजीराव महाराज अध्यक्ष. लोकमान्य टिळकही आले आणि अस्पृश्यतेविरुद्ध बोलले. मात्र आपल्या रोजच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही असा जो जाहीरनामा सह्यांसाठी फिरला, त्यावर टिळकांची सही झाली नाही. लोकमान्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे, आणि विठ्ठलरावांच्याही मनात होता. पण सभेत बोलणे आणि घरात करणे यांत किती अंतर असते, हे त्या कोऱ्या जागेवरून दिसते.

अशा माणसाच्या वाट्याला मानपान आले असतील असे वाटेल, पण तसे झाले नाही. ब्राह्मणांना ते परके, मराठ्यांना वाटे हा आमच्या पक्षात येत नाही. १९२० च्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखलेली जागा सोडून ते सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले आणि पडले. ज्यांच्यासाठी घर सोडले त्या अस्पृश्य समाजातही नवी शिकलेली पिढी आली. आमचे काम आमच्याच हाती हवे, असे ती म्हणू लागली. त्या पिढीचे चुकले असे आम्हांला वाटत नाही. ज्याचे दुःख त्याने आपल्या तोंडाने सांगावे हे योग्यच. पण ज्याने सतरा वर्षे रक्त आटवले त्याला ते ऐकताना काय झाले असेल? १९२३ साली त्यांनी मिशनचा कारभार सोडला. पुढे मंगळूरकडे ब्राह्मसमाजाचे काम केले, १९२४ साली त्रावणकोरातल्या वैकोमच्या सत्याग्रहाला गेले. १९३० साली कायदेभंगात पकडले गेले तेव्हा वय सत्तावन्न. येरवड्याला सहा महिन्यांची सक्तमजुरी. १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ छापला. भागवतधर्माच्या इतिहासावरही त्यांनी लिहिले. बापाचा धर्म त्यांनी टाकला नव्हता, तपासला होता.

माळ त्यांच्या गळ्यात नव्हती, हे खरे. ते सगुण मूर्तीपुढे हात जोडीत नसत, हेही खरे, आणि या बाबतीत आम्ही त्यांच्या मताचे नाही. पण वारकरी कोणाला म्हणावे, याचा निकाल केवळ माळेवर लावायचा असेल तर माळ घालून पाणवठा राखणाऱ्यांना आपण काय म्हणणार?

२ जानेवारी १९४४ रोजी विठ्ठल रामजी पुण्यात वारले. त्या वेळी पंढरीच्या देवळात हरिजनांना जाता येत नव्हते. चोखोबांच्या समाधीपाशी महाद्वाराबाहेर उभे राहून त्यांचे दर्शन होई. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवस गेले, मग दार उघडण्याचे ठरले. त्याला विरोध करणाऱ्यांत आमच्या संप्रदायातली मोठमोठी नावे होती, हेही लिहून ठेवले पाहिजे. विठ्ठलराव जाऊन तेव्हा तीन वर्षे चार महिने झाले होते.

‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे त्यांचे आत्मचरित्र १९५८ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यातला जमखिंडीच्या घराचा भाग आमच्या कीर्तनकार मंडळींनी एकदा तरी वाचावा.