सयाजीराव गायकवाड आणि ग्रंथसंग्रहाचे धोरण

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेले सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) १८७५ मध्ये बडोद्यास दत्तक गेले; त्यांचे शिक्षण त्यानंतरच सुरू झाले. अक्षरओळख उशिरा झालेल्या या राजाने ग्रंथ प्रजेच्या दारी नेले, हे आपण ध्यानात घ्यावे. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना पाचारण केले व आपला खाजगी ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. गावाने वर्गणी जमवली, की सरकारही तेवढीच रक्कम देई. ग्रंथालय नसलेल्या गावी पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जात. संग्रह कोणासाठी, हे ठरवूनच ग्रंथनिवड करावी, हा त्यांच्या कार्याचा बोध होय. वरवट बकालसारख्या गावातील वाचनालयासाठी पुस्तके किंवा ऑनलाइन साधने निवडतानाही आपण प्रथम तेथील वाचकाचाच विचार करावा.