लांकडी पायाचा कुंभार

आपल्या गांवचा कुंभार चाक फिरवी तें काठीनें. इंग्लंडांत मात्र पूर्वीं कुंभार तें पायानें चालवीत. ही लहान गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. कारण ज्याचें चरित्र आज सांगावयाचें आहे त्या जोसाया वेजवुडच्या आयुष्याची दिशा एका दुखऱ्या पायानें ठरविली.

जोसाया हें नांव म्हणजे आपल्या शास्त्रांतील योशीया राजाचेंच. तो स्टॅफर्डशायर परगण्यांतील बर्स्लेम गांवीं १७३० सालीं जन्मला. घराणें पिढीजात कुंभारांचें. आई एका पाळकाची मुलगी. तें घराणें सरकारमान्य चर्चहून निराळ्या मंडळीचें होतें व त्या मंडळीचें मत कांहीं मुख्य सिद्धांतांविषयीं आपल्यासारखें नव्हतें, हें लपविण्याचें कारण नाहीं. नवव्या वर्षीं त्याचा बाप वारला. पुढें त्यास देवी आल्या. जीव वांचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला. थोरल्या भावाच्या हाताखालीं त्यानें उमेदवारी केली खरी, परंतु चाक चालविण्याचें बळ त्या पायांत नव्हतें. तेव्हां माती कोठची घ्यावी, तींत काय मिसळावें, झिलई कशी द्यावी, भट्टीस आंच किती असावी, याचा तो बसल्या जागीं शोध करूं लागला. प्रत्येक प्रयोगाची नोंद तो वहींत गुप्त खुणांनीं करी. १७५९ सालीं त्यानें आपला स्वतंत्र कारखाना काढला, आणि सायीच्या रंगाचीं त्याचीं स्वच्छ, स्वस्त भांडीं राणी शार्लट हिच्या मेजापासून साधारण घरांपर्यंत पोंचलीं.

१७६४ सालीं नात्यांतल्याच सारा नांवाच्या मुलीशीं त्याचा विवाह झाला. ती धनवान बापाची लेक. तरी मातीचे प्रयोग चालत तेथें ती नवऱ्याजवळ बसे, भांड्यांच्या घाटाविषयीं मत देई, आणि त्याच्या वहींतील त्या गुप्त खुणाही ती शिकली. ज्या घरांत नवऱ्याचा धंदा बायकोला ठाऊकच नसतो, त्या घरांहून हें घर किती निराळें! त्यांस आठ मुलें झालीं. त्यांपैकीं दोन बाळपणींच गेलीं.

त्या काळीं बर्स्लेमचे रस्ते म्हणजे चिखलाचे खड्डे. माती दूरच्या डेव्हन व कॉर्नवॉल प्रांतांतून येई. ती आणि तयार भांडीं घोड्यांच्या पाठीवरून जात, व वाटेंत पुष्कळ माल फुटे. हें दुःख सर्वच कुंभारांचें होतें. जोसायानें शेजारच्या कारखानदारांस एकत्र केलें, पार्लमेंटाकडे अर्ज केले, आणि पुढें ट्रेंट व मर्सी या नद्या जोडणारा कालवा काढण्याचें काम अंगावर घेतलें. १७६६ सालीं त्या कालव्याची पहिली कुदळ त्यानेंच मारली. तो खजिनदार झाला तो बिनपगारी. तब्बल ९३ मैलांचें हें काम १७७७ सालीं पुरें झालें, आणि ज्या कुंभारांशीं बाजारांत त्याची चढाओढ होती त्यांचाही माल त्याच पाण्यावरून जाऊं लागला.

इकडे गुडघ्याचें दुखणें वाढतच होतें. १७६८ सालच्या मे महिन्याच्या २८ व्या दिवशीं शस्त्रवैद्यांनीं तो पाय कापला. गुंगीचें औषध तेव्हां निघालेलें नव्हतें. अफूचा अर्क काय तो आधार. त्याच वर्षीं त्याचें तान्हें मूल रिचर्ड हेंही वारलें. सारा एका हातानें जखम बांधीत होती, दुसऱ्या हातानें घर संभाळीत होती. पुढें लांकडी पाय लावून जोसाया कारखान्यांत हिंडूं लागला, आणि पाय कापल्याची ती तारीख तो दरवर्षीं थट्टेनें सणासारखी पाळी!

१७६९ सालीं एट्रूरिया नांवाचा त्याचा नवा कारखाना उघडला. जवळच कामकऱ्यांसाठीं घरें बांधलीं. त्या दिवशीं जोसायानें स्वहस्तें सहा कलश घडविले. चाक फिरवावयास त्याचा मित्र टॉमस बेंटली बसला होता. कामांत तो फार कडक असे. १७८३ सालीं धान्याच्या टंचाईंत लोकांनीं कालव्यावरील एक होडी लुटली, तेव्हां त्यानें त्या भागांतील तरुण रहिवाशांस उद्देशून लिहिलेलें पत्रक कायद्याच्या बाजूनें योग्य असेल. परंतु भुकेल्या मनुष्याची बाजू त्यांत फारशी दिसत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आतां मुख्य गोष्ट. बेंटली हा लिव्हरपूल बंदराचा व्यापारी. १७६२ सालीं प्रवासांत गुडघा दुखावून जोसाया त्या शहरीं अंथरुणावर पडला असतां त्यांची मैत्री झाली होती. त्याच बंदरांतून जोसायाचीं भांडीं अमेरिकेस जात, आणि त्याच बंदरांतून गुलामांच्या व्यापाराचीं जहाजें आफ्रिकेस निघत. गुलामांच्या घामाची साखर इंग्लंडांत येई, व ती ठेवण्याचीं भांडीं जोसाया करी. म्हणजे त्याची भाकर त्या पापापासून अगदीं दूर नव्हती. श्रीमंत गिऱ्हाइकें रुष्ट होण्याचें भय होतेंच. बेंटली गुलामगिरीचा द्वेष्टा. परंतु तो १७८० सालींच वारला होता.

१७८७ सालीं हा व्यापार बंद करण्यासाठीं लंडनांत एक कमिटी स्थापन झाली, तींत जोसाया शिरला. त्यानें आपल्या कारखान्यांत एक लहान पदक करविलें: पांढऱ्या भुईवर काळा मनुष्य, हातापायांत साखळ्या, गुडघा टेकून आपण मनुष्य व बंधु नव्हे काय असें विचारीत आहे. फिलेमोनाच्या घरच्या अनेसिमाची आठवण कोणास होणार नाहीं? हीं पदकें त्यानें स्वखर्चानें वांटलीं. अमेरिकेंत बेंजामिन फ्रँक्लिन याजकडेही धाडलीं. पुरुषांनीं तीं तपकिरीच्या डब्यांवर बसविलीं, स्त्रियांनीं कांकणांत व केसांत घातलीं, आणि ज्या घरांत पत्रक कोणी वाचलें नसतें तेथेंही हा प्रश्न मेजापाशीं जाऊन बसला.

तो व्यापार बंद झालेला पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. १७९५ च्या जानेवारीच्या ३ ऱ्या दिवशीं एट्रूरिया येथें त्याचा अंत झाला. व्यापाराच्या बंदीचा कायदा १८०७ सालीं झाला, गुलामांच्या सुटकेचा १८३३ सालीं. त्याची मुलगी, आईच्याच नांवाची सारा, हिनें १८२५ सालीं बर्मिंगहॅम येथील स्त्रियांची गुलामगिरीविरोधी सभा स्थापण्यांत भाग घेतला. ती सभा घरोघरीं विनंती करी कीं, गुलामांनीं पिकविलेली साखर घरांत आणूं नये.