हेर्मान बूल

हेर्मान बूल (२१ सप्टेंबर १९२४ – २७ जून १९५७) हे ऑस्ट्रियन गिर्यारोहक होते. हिमालयाच्या पश्चिम टोकाला, गिलगिट-बाल्टिस्तानात असलेल्या नंगा पर्वताच्या ८,१२६ मीटर उंच शिखरावर ३ जुलै १९५३ रोजी ते एकटेच पोहोचले. त्यापूर्वी या शिखरावर कोणीही पोहोचले नव्हते. जगात आठ हजार मीटरांहून उंच अशी चौदा शिखरे आहेत. त्यांपैकी पहिली यशस्वी चढाई एकट्या व्यक्तीने केलेले हे एकमेव शिखर होय. उतरताना बूल यांनी एक संपूर्ण रात्र तंबूवाचून, सुमारे ८,००० मीटर उंचीवर उभ्याने काढली.

पूर्वायुष्य

बूल यांचा जन्म इन्सब्रुक येथे झाला. चार भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. आईचे निधन लवकर झाल्याने त्यांच्या बालपणातील काही वर्षे अनाथाश्रमात गेली. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. किशोरवयात ते आल्प्समधील कड्यांवर चढू लागले आणि इन्सब्रुकच्या पर्वतीय बचाव पथकातही त्यांनी काम केले. दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्याच्या पर्वतीय तुकडीतून इटलीच्या आघाडीवर जावे लागले. तेथे ते अमेरिकी सैन्याचे युद्धकैदी झाले. युद्धानंतर त्यांनी पर्वतीय वाटाड्याचे प्रशिक्षण पूर्ण केले. १९५१ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुली होत्या.

एकल चढाया

सोबती व दोर यांच्या आधाराशिवाय चढणाऱ्याला स्वतःची एकही चूक परवडत नाही. त्यासाठी लागणारी तयारी बूल यांनी आल्प्समध्ये केली. १९५२ मध्ये पित्स बादिले या पर्वताची ईशान्य भिंत ते सुमारे साडेचार तासांत एकटे चढले. १९५३ च्या हिवाळ्यात त्यांनी वॉट्समान पर्वताची पूर्व भिंत रात्रीच्या वेळी एकट्याने पार केली. हिमालयात थंडी, काळोख आणि एकटेपणा एकाच वेळी सोसावा लागेल, या अपेक्षेने केलेला हा सराव होता.

नंगा पर्वत मोहीम

१८९५ मध्ये आल्बर्ट ममरी हे इंग्रज गिर्यारोहक आणि त्यांच्यासोबतचे दोन गुरखा सैनिक या पर्वतावर नाहीसे झाले. त्यानंतर १९३४ मध्ये वादळात आणि १९३७ मध्ये हिमप्रपातात अनेक जर्मन गिर्यारोहक व शेर्पा मृत्युमुखी पडले. १९५३ पूर्वी या पर्वताने एकूण ३१ बळी घेतले होते. १९३४ च्या मोहिमेत मरण पावलेले नेते विली मेर्कल यांच्या स्मरणार्थ त्यांचे सावत्र बंधू डॉ. कार्ल हेर्लिगकॉफर यांनी १९५३ ची जर्मन-ऑस्ट्रियन मोहीम काढली.

खराब हवामानामुळे तळछावणीवरून माघारीचा आदेश आला, तेव्हा वरच्या छावण्यांत आकाश निरभ्र झाले होते. वर असलेल्या गिर्यारोहकांनी आदेश न मानता पुढे जाण्याचे ठरवले. ३ जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास बूल यांनी सुमारे ६,९०० मीटरवरील शेवटची छावणी सोडली. मागाहून निघालेले सहकारी ओटो केम्प्टर वाटेतूनच परतले. शिखर अद्याप बाराशे मीटरांहून अधिक उंच आणि सुमारे साडेसहा किलोमीटर दूर होते. ओझे हलके करण्यासाठी बूल यांनी पाठपिशवी बर्फाच्या पठारावर ठेवली. त्यांच्याजवळ कृत्रिम प्राणवायू नव्हता. थकवा असह्य झाल्यावर त्यांनी पर्विटिन हे उत्तेजक औषध आणि कोकाच्या पानांचा चहा घेतला. सायंकाळी सातच्या सुमारास ते माथ्यावर पोहोचले. तेथे त्यांनी छायाचित्रे घेतली आणि आपली बर्फकुऱ्हाड रोवून ठेवली.

उतरताना एका बुटाखालची बर्फात रुतणारी खिळ्यांची पट्टी निसटली. काळोख पडल्यावर उतारावरच्या एका अरुंद पायरीवर, खडकाला टेकून, ते पहाटेपर्यंत उभे राहिले. दोर, शयनपिशवी किंवा पिसांचा कोट त्यांच्याजवळ नव्हता. त्या रात्री वारा पडलेला होता. तो सुटला असता तर वाचणे कठीण होते. दुसऱ्या दिवशी तहान आणि थकव्यामुळे आपल्यासोबत कोणीतरी चालत असल्याचा भास त्यांना होत राहिला. ४ जुलैच्या सायंकाळी, सुमारे ४१ तासांनी, ते छावणीवर परतले. हिमदंशामुळे पुढे त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे कापावी लागली.

वाद आणि लेखन

मोहिमेनंतर वृत्तान्ताच्या प्रसिद्धीच्या हक्कांवरून बूल आणि हेर्लिगकॉफर यांच्यातील वाद न्यायालयात गेला. बूल यांचे आत्मकथन १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी खरोखर शिखर गाठले होते का, अशी शंकाही काहींनी व्यक्त केली. १९९९ मध्ये जपानी गिर्यारोहकांना माथ्यावर त्यांची बर्फकुऱ्हाड सापडली आणि शंकेला जागा उरली नाही.

ब्रॉड पीक आणि मृत्यू

९ जून १९५७ रोजी बूल यांनी मार्कुस श्मुक, फ्रिट्झ विंटरश्टेलर आणि कुर्ट डीमबर्गर यांच्यासह काराकोरममधील ब्रॉड पीकची पहिली चढाई केली. उंचावरचे भारवाहक आणि कृत्रिम प्राणवायू यांवाचून चारच जणांच्या बळावर आठ-हजारी शिखर गाठण्याचा हा प्रयोग पुढील पिढ्यांना दिशादर्शक ठरला. त्यानंतर बूल आणि डीमबर्गर चोगोलिसा या जवळच्या शिखराकडे वळले. २७ जून रोजी वादळामुळे ते माघारी फिरले. दोघे दोराने बांधलेले नव्हते. धुक्यात वाट न दिसल्याने बूल यांचे पाऊल धारेबाहेर लोंबणाऱ्या बर्फाच्या छज्जावर पडले. तो तुटून ते खाली कोसळले. त्या वेळी ते ३२ वर्षांचे होते. त्यांचा मृतदेह सापडला नाही.