वेसेक्सचा राजा आल्फ्रेड

इंग्लंडच्या जुन्या राजांपैकीं थोर ही पदवी ज्याच्या नांवाला कायमची चिकटली, तो आल्फ्रेड आमच्या बालवाचकांपैकीं पुष्कळांस भाकरी करपूं देणारा राजा म्हणूनच ठाऊक असेल. गुराख्याच्या झोंपडींत चुलीपुढें विचारांत गढून बसलेला राजा व त्याला न ओळखतां त्याच्यावर तोंड सोडणारी घरधनीण, ही गोष्ट मोठी गमतीची खरी. परंतु ती त्याच्या मरणानंतर बऱ्याच काळानें लिहिली गेली, आणि त्याचा समकालीन चरित्रकार बिशप ॲसर याच्या ग्रंथांत तिचा मागमूसही नाहीं. तेव्हां भाकरी बाजूस ठेवून आम्ही या चरित्राची निराळीच एक बाजू पाहणार आहों. ज्या वीरकाव्यांच्या सहवासांत हा राजा लहानाचा मोठा झाला, त्यांतील शौर्याचा आदर्श त्याला पुरला काय, हा आमचा प्रश्न आहे.

आल्फ्रेडचा जन्म इ. स. ८४९ मध्यें वाँटेज येथें झाला, असें ॲसर सांगतो. वेसेक्सचा राजा एथेलवुल्फ याचा तो सर्वांत धाकटा मुलगा. वडील भाऊ असल्यामुळें गादी त्याच्याकडे येईल असें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. एके दिवशीं त्याची आई ऑसबर्ह हिनें सुंदर रंगीत अक्षरांनीं सजविलेलें सॅक्सन कवितांचें एक पुस्तक मुलांपुढें धरलें, आणि जो तें आधीं पाठ करील त्याला तें देऊं केलें. आल्फ्रेडला तर अक्षरओळखही नव्हती. त्यानें पुस्तक शिक्षकाकडे नेलें, त्याच्याकडून वाचवून घेतलें, आणि सर्व मुखोद्गत करून बक्षीस पटकाविलें. वयाचीं बारा वर्षें उलटेपर्यंत त्याला वाचतां येत नव्हतें. याचा दोष ॲसरनें आईबाप व शिक्षक यांच्या माथीं मारला आहे. आमच्या वाचकांत जे पालक आहेत त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें!

त्या कविता होत्या तरी कशा? सॅक्सन सरदारांच्या दिवाणखान्यांत रात्रीं शेकोटी पेटे, मद्याचे पेले फिरत, आणि भाट वीणेसारख्या वाद्यावर पूर्वजांचे पराक्रम गाई. अशा काव्यांपैकीं सर्वांत मोठें जें आज उपलब्ध आहे तें बेओवुल्फ. त्यांत ३,१८२ ओळी असून त्याची एकच जुनी प्रत उरली आहे. १७३१ सालच्या आगींतून ती कडा होरपळून वांचली. हेंच काव्य आल्फ्रेडच्या कानीं पडलें असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु त्यांतील जग त्याच्या ओळखीचें होतें. डेन लोकांचा राजा ह्रॉथगार याच्या भव्य मंदिरांतील गाणें ऐकून ग्रेंडेल नांवाचा राक्षस जळफळतो व रात्रीं येऊन झोपलेले वीर खाऊन टाकतो. कवि ख्रिस्ती असल्यामुळें हा राक्षस भ्रातृघातकी काईनाच्या वंशांतला ठरतो. परदेशचा तरुण वीर बेओवुल्फ नुसत्या हातांनीं त्याला लोळवितो. सूड घेण्यास आलेल्या त्याच्या आईला तळ्याच्या तळाशीं जाऊन मारतो. पुढें तो स्वदेशीं राजा होऊन पन्नास वर्षें राज्य करतो, आणि म्हातारपणीं अग्नि ओकणाऱ्या नागाशीं लढतां लढतां प्राण सोडतो.

या लोकांच्या दृष्टीनें धन्यानें सोन्याचीं कडीं वांटावीं व सेवकानें त्याच्यासाठीं मरावें, हें पुरुषाचें मुख्य कर्तव्य. आप्ताचा खून झाला तर सूड घ्यावा किंवा रक्ताचें मोल घ्यावें. मृत्यु चुकत नाहीं, म्हणून मागें कीर्ति ठेवावी. आमच्या पोवाड्यांवर वाढलेल्या मुलांना यांत परकें असें फारसें वाटणार नाहीं.

आल्फ्रेडच्या वांट्याला आलेले राक्षस तळ्यांतून आले नाहींत, ते गलबतांतून आले. आणि नवल असें कीं, काव्यांत ज्यांचें रक्षण होतें त्या डेन लोकांपैकींच ते होते. ८६५ सालीं त्यांचें मोठें सैन्य इंग्लंडांत उतरलें, व थोड्याच वर्षांत नॉर्थम्ब्रिया व ईस्ट अँग्लिया हीं राज्यें बुडालीं. ८७१ सालीं वेसेक्सवर पाळी आली. त्या एका वर्षांत नऊ लढाया झाल्या, मधेंच राजा एथेलरेड वारला, आणि बाविशीच्या आल्फ्रेडला भावाची गादी मिळाली. त्यानें प्रथम पैसे देऊन तह विकत घेतला. भाटांना गाण्याजोगें हें कृत्य नव्हे, पण त्यामुळें श्वास घेण्यास अवकाश मिळाला. ८७६ मध्यें डेन लोकांनीं आपल्या पवित्र कड्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि रात्रींच ती मोडली.

८७८ च्या जानेवारींत, नाताळचा उत्सव संपतो न संपतो तोंच, गुथ्रमनें चिपनहॅम गांठलें. प्रजेपैकीं कित्येक समुद्रापार पळाले, कित्येक शरण गेले. राजा मूठभर लोकांसह सॉमरसेटच्या दलदलींत शिरला व ॲथेलनी येथें त्यानें गढी बांधली. ईस्टरनंतरच्या सातव्या आठवड्यांत तो बाहेर पडला, तेव्हां तीन परगण्यांचे लोक त्याला येऊन मिळाले. एडिंग्टन येथें शत्रूचा मोड झाला, आणि पळालेल्यांना चौदा दिवस वेढून त्यानें शरण आणलें.

आतां सूडाची वेळ होती. शपथ मोडणारा शत्रु हातीं सांपडला असतां वीरकाव्यांतील राजानें काय केलें असतें, हें सांगावयास नको. आल्फ्रेडनें गुथ्रमला ॲलर येथें बाप्तिस्मा देवविला, स्वतः त्याचा धर्मपिता झाला, त्याचें नांव ॲथेलस्टन ठेवलें, आणि बारा दिवस पाहुणा म्हणून ठेवून त्याला देणग्या दिल्या. यांत मुत्सद्देगिरी नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं. गुथ्रमला ईस्ट अँग्लियांत स्थिर करणें हें वेसेक्सच्या हिताचेंच होतें. तथापि सोनें वांटण्याची जुनी राजनीति त्यानें शत्रूलाही लागूं केली, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

बेओवुल्फ मेला तेव्हां त्याच्या सोबत्यांपैकीं विग्लाफ एकटाच जवळ होता, बाकीचे रानांत पळाले होते. चितेपाशीं एक स्त्री येणाऱ्या परचक्राच्या भयानें आक्रोश करते. सर्व भार एका वीराच्या बाहूंवर, आणि तो पडला कीं सर्वस्व गेलें! ही उणीव आल्फ्रेडनें ओळखली. त्यानें सैन्याचे दोन भाग करून निम्मे शेतावर व निम्मे कामगिरीवर ठेविले. राज्यभर तटबंदीचीं गांवें वसविलीं. त्याच्या मुलाच्या कारकीर्दींतील एका यादींत अशीं सुमारें तीस गांवें आहेत. साडेपांच यार्ड तटाला चार माणसें, हें त्यांतील प्रमाण होय. त्या हिशेबानें विंचेस्टरच्या वांट्यास २,४०० माणसें येतात. ८९२ सालीं दुसरें मोठें सैन्य चालून आलें, आणि चार वर्षें भटकून फारसें कांहीं हातीं न लागतां पांगलें.

या धामधुमींत, आणि लग्नापासून जडलेला पोटाचा असाध्य विकार सोसून, हा मनुष्य अभ्यास करीत होता. आपण गादीवर आलों तेव्हां थेम्सच्या दक्षिणेस लॅटिन प्रार्थनांचा अर्थ समजणारा धर्मगुरु आपल्या आठवणींत नाहीं, असें त्यानें खेदानें लिहून ठेविलें आहे. त्यानें वेल्सहून ॲसरला व परदेशांतूनही विद्वानांना बोलाविलें, पोप ग्रेगरी व बोएथियस यांचे ग्रंथ देशभाषेंत आणविले, आणि ऐपतीच्या स्वतंत्र लोकांच्या मुलांनीं इंग्रजी वाचावयास शिकलेंच पाहिजे असें ठरविलें. यांतील कोणतें भाषांतर त्याच्या स्वतःच्या हातचें, याविषयीं विद्वानांत वाद आहे. बोएथियस फॅब्रिशियस नांवाच्या रोमन पुरुषाच्या अस्थि कोठें आहेत असें विचारतो. सॅक्सन भाषांतरांत त्या जागीं वेलंड या दंतकथेंतील लोहाराचें नांव आहे. बालपणच्या कविता कोणी टाकून दिल्या नव्हत्या! राजाचीं स्वतःचीं मुलेंही स्तोत्रांबरोबर त्या पाठ करीत.

आमच्या देशाच्या वाचकांस आणखी एक गोष्ट कळविली पाहिजे. सॅक्सन बखरींत ८८३ सालाखालीं अशी नोंद आहे कीं, आल्फ्रेडनें सिगेल्म व ॲथेलस्टन या दोघांबरोबर रोमला, आणि हिंदुस्थानांत संत थॉमस व संत बार्थोलोम्यू यांच्या स्थानीं दानधर्म पाठविला. ते येथवर पोहोंचले किंवा नाहीं, यावर पंडितांचें एकमत नाहीं. कित्येक अभ्यासक बार्थोलोम्यूचा संबंध कोंकणांतील कल्याणशीं जोडतात.

ता. २६ ऑक्टोबर ८९९ रोजीं, पन्नाशीच्या सुमारास, आल्फ्रेड वारला. चितेपाशीं कोणी परचक्राच्या भयानें रडलें नाहीं. त्याचा मुलगा एडवर्ड व मर्सियाची स्वामिनी झालेली कन्या एथेलफ्लेड यांनीं बापाची तटबंदीची योजना पुढें चालवून डेन लोकांचा मुलूख परत घेतला, आणि नातू ॲथेलस्टन साऱ्या इंग्लंडचा राजा झाला. आल्फ्रेडला विंचेस्टर येथें पुरलें होतें. पुढें त्या अस्थि नगराबाहेरच्या हाइड मठांत हलविल्या. आठव्या हेन्रीच्या काळीं तो मठ मोडला गेला, आणि आज त्या कोठें आहेत हें कोणाला सांगतां येत नाहीं.