सर्पगंधेची मुळी आणि मुंबईचे डॉक्टर वकील

वैद्यकीय संशोधनासाठी दिला जाणारा अमेरिकेतील लास्कर पुरस्कार १९५७ साली सहा चिकित्सकांच्या वाट्याला आला. त्यांपैकी नेथन क्लाइन, रॉबर्ट नोस, हाइन्झ लेहमान आणि पिएर देनिकेर हे चौघे मानसोपचारतज्ज्ञ होते. पाचवे आंरी लाबोरी हे फ्रेंच नौदलातील शल्यचिकित्सक. सहावे नाव मात्र या पंक्तीत अनपेक्षित वाटावे असे होते: मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जल वकील. मनोविकारांवरील औषधांचा नवा काळ ज्यांनी आणला त्यांच्या शेजारी रक्तदाबाचा हा चिकित्सक का बसला, याचे उत्तर त्यांच्या चरित्रापेक्षा एका वनस्पतीच्या चरित्रात अधिक सापडते. दोन्ही चरित्रे एकमेकांत गुंतलेली आहेत.

वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले. तेथील सेंट थॉमस रुग्णालयात त्यांचे शिक्षण झाले, आणि परीक्षांमधील पदके व पारितोषिके जिंकणारा विद्यार्थी असा त्यांचा लौकिक झाला. लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी घेऊन ते मुंबईत परतले, तेव्हा विलायतेत राहून नाव कमावण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी के. ई. एम. रुग्णालयातील मानद सेवा आणि शहरातील व्यवसाय पत्करला. हृदयरोग ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून भारतात तेव्हा जेमतेम उभी राहत होती.

उच्च रक्तदाबावर त्या काळात वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, झोपेची सौम्य औषधे घ्या, आणि अगदी गंभीर अवस्थेत मज्जातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया करा, एवढाच मार्ग. युरोप-अमेरिकेतही स्थिती वेगळी नव्हती. अशा वेळी या देशातील एक जुनी मुळी मात्र वापरात होती. तिचे नाव सर्पगंधा.

गोमंतकीय वाचकाला या मुळीचा इतिहास परका वाटू नये. १५६३ साली गोव्यातच छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात सर्पविषावर गुणकारी मानल्या जाणाऱ्या ‘सापाच्या लाकडा’वर एक संवाद आहे. मुंगूस सापाशी झुंजताना ही मुळी शोधतो ही लोककथाही त्यात आली आहे. ओर्ता यांनी वर्णिलेल्या प्रकारांपैकी एकाची ओळख पुढील अभ्यासकांनी सर्पगंधेशी जुळवली. वनस्पतीचे शास्त्रीय नाव मात्र ओर्ता यांच्या वाट्याला आले नाही. ते मिळाले सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ यांच्यावरून, आणि या गृहस्थांचे पाऊल भारताला कधी लागलेच नव्हते.

बिहारमध्ये हीच मुळी वेडावरचे औषध म्हणून विकली जाई, आणि लोक तिला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत. या लोकप्रसिद्धीला पहिला शास्त्रीय आधार दिला तो कलकत्त्याने. ‘प्रत्यक्षशारीरम्’ या ग्रंथाचे कर्ते कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. मुळीचे चूर्ण वीस ते तीस ग्रेन या प्रमाणात दिवसातून दोनदा दिले असता उन्मत्त रुग्ण शांत होतात, त्यांना झोप लागते आणि रक्तदाबही उतरतो, असे त्यांना आढळले होते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतील अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांचे नाव दिले. म्हणजे मन आणि रक्तदाब या दोन्हींवरील परिणाम भारतीयांनी भारतातच नोंदवले होते. पण ते लेखन ज्या नियतकालिकांत आले, ती लंडन-बोस्टनच्या वाचनालयांत उघडली जात नसत. सेन आणि बोस यांची उपेक्षा झाली ती त्यांच्या निरीक्षणातील उणिवेमुळे नव्हे, हे स्पष्टपणे म्हणायला हवे.

वकील यांनी यातील रक्तदाबाचा धागा उचलला. भारतातील अनेक डॉक्टर सर्पगंधेच्या गोळ्या देतच होते. मात्र ठराविक रुग्ण निवडून, ठराविक काळ औषध देऊन, मापे घेऊन आणि औषध थांबवल्यावरही रक्तदाब तपासत राहून काय घडते, हे सलग मांडलेले नव्हते. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा जो लेख आला, त्यात उच्च रक्तदाबाचे पन्नास रुग्ण होते. चार आठवड्यांच्या उपचारानंतर सुमारे ८५ टक्के रुग्णांचा वरचा आणि ८१ टक्के रुग्णांचा खालचा रक्तदाब उतरलेला दिसला. औषध सावकाश काम करते, आणि बंद केल्यावरही त्याचा परिणाम काही काळ टिकतो, हेही त्यातून पुढे आले.

आजच्या निकषांवर ही चाचणी अपुरी ठरेल. रुग्णांचे यदृच्छेने दोन गट पाडून एकाला औषध आणि दुसऱ्याला नुसते विश्रांतीचे उपचार द्यायचे, ही पद्धत ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या निमित्ताने १९४८ साली नुकतीच रुजू लागली होती. तरीही वकील यांच्या लेखाचे मोल कमी होत नाही. आकडे मोजलेले होते, रुग्ण निवडण्याची अट लिहिलेली होती, आणि दुसऱ्या कोणालाही तोच प्रयोग करून पाहता येईल अशी मांडणी होती. बोस्टन येथील डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो करून पाहिला आणि अमेरिकेत सर्पगंधेचे दार उघडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या बाझेल येथील प्रयोगशाळेत मुळीचा प्रभावी घटक वेगळा काढण्यात आला. तो रेसर्पिन.

यानंतर कथेने पुन्हा मनाकडे वळण घेतले. अहमदाबादचे डॉ. हकीम यांच्या मनोरुग्णांवरील सर्पगंधेच्या प्रयोगांना एका वैद्यकीय परिषदेत सुवर्णपदक मिळाले. त्याची बातमी १९५३ साली न्यूयॉर्कच्या दैनिकात आली आणि रॉकलंड मनोरुग्णालयातील नेथन क्लाइन यांच्या वाचनात गेली. त्यांनी तेथील रुग्णांवर मुळी आणि रेसर्पिन वापरून १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे कोंडलेले, अंगावर धावून जाणारे काही रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत आले होते. पॅरिसमध्ये १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे दुसरे औषध असेच परिणाम दाखवत होते. अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ साली सुमारे ५ लाख ५९ हजार माणसे होती. त्यानंतर हा आकडा उतरत गेला. उतरणीचे सगळे श्रेय औषधांना देता येत नाही, धोरणेही बदलली. पण औषधांवाचून ती धोरणे अमलात येणे कठीण होते.

याच काळात रेसर्पिनची काळी बाजू दिसू लागली. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खोल नैराश्यात गेल्याची वृत्ते १९५४ पासून येऊ लागली, आणि आत्महत्येच्या धोक्याची सूचना डॉक्टरांना देणे भाग पडले. गंमत अशी की लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात डेव्हिड डेव्हिस आणि मायकेल शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व उदास रुग्णांवर घेतलेल्या, गट पाडून केलेल्या चाचणीत रेसर्पिनने उलट आराम पडल्याचे १९५५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ते निष्कर्ष कोणी फारसे मनावर घेतले नाहीत. रेसर्पिन नैराश्य आणते, हे मत मात्र पाठ्यपुस्तकांत पक्के झाले, आणि अलीकडे त्याच्या पुराव्याची पुन्हा छाननी सुरू झाली आहे.

त्या मताने विज्ञानाला दिशा दिली हे खरे. बर्नार्ड ब्रॉडी यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिन घटते हे दाखवले. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चेष्ट केलेल्या सशांना एल-डोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागलेले १९५७ साली पाहिले. डोपामिनचे महत्त्व त्यातून उलगडले, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. मेंदूतील या रसायनांची घट म्हणजे नैराश्य, ही कल्पना बऱ्याच अंशी रेसर्पिनवर उभी राहिली. नवे नैराश्यविरोधी औषध पारखायचे असेल तर रेसर्पिनने मंदावलेला प्राणी त्याने जागा होतो का, हे प्रयोगशाळांत पाहिले जाऊ लागले. रुग्णाला हैराण करणारे औषध दुसऱ्या औषधांची कसोटी झाले.

वकील स्वतः या वाटेवर गेले नाहीत. मनोविकारांवर त्यांनी दावे केले नाहीत, आणि हा संयमच त्यांच्या कामाला शोभून दिसतो. १९५५ साली त्यांनी ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात सर्पगंधेवरील तोवरच्या सर्व संशोधनाचा आढावा घेतला. पुढे त्यांचे लक्ष हृदयविकाराच्या झटक्याआधी दिसणाऱ्या लक्षणसमूहाकडे वळले. झटका येण्यापूर्वीच रुग्णाला ओळखून उपचार करता येतो, हा त्यांचा आग्रह होता.

१९५८ साली पद्मभूषण आणि १९६५ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. वैद्यकाच्या इतिहासावर त्यांनी रसाळ निबंध लिहिले. पण वैद्यकाचे विद्यार्थी त्यांना ओळखतात ते डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासमवेत लिहिलेल्या रुग्णतपासणीच्या पाठ्यपुस्तकामुळे. यंत्रे हाताशी नसताना डोळे, बोटे आणि कान यांनी रोग कसा ओळखावा, हे त्या पुस्तकाने कित्येक पिढ्यांना शिकवले.

२० नोव्हेंबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर रक्तदाबासाठी अधिक निर्धोक औषधे आली होती, आणि मनोरुग्णालयांत क्लोरप्रोमाझिन व त्याच्या पुढील औषधांनी रेसर्पिनची जागा घेतली होती. तरी भारतीय औषधांच्या दुकानांत ‘ॲडेल्फेन’ या नावाने रेसर्पिनयुक्त गोळी पुढेही कितीतरी वर्षे मिळत राहिली, आणि अनेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या डबीत ती असे. सर्पगंधा मात्र रानांतून इतकी ओरबाडली गेली की आज तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे.